अकरणाचा दोष

निष्काळजीपणा म्हणजे काय, ह्याची जी व्याख्या कायद्याच्या विद्यार्थ्यास प्रारंभीच पाठ करावी लागते, ती एका निकामी झालेल्या नळाच्या निमित्ताने जन्मास आली, ही गोष्ट पुढे वकिली करताना फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. बर्मिंगहॅम शहरातील पाणीपुरवठा कंपनीने रस्त्याखालच्या नळांवर, आगीच्या प्रसंगी उपयोगी पडाव्यात म्हणून, तोट्या बसवल्या होत्या. पंचवीस वर्षे त्यांचे काम बिनबोभाट चालले. १८५५ च्या आरंभी थंडीचा विलक्षण कडाका पडला, बर्फाने एक तोटी निकामी केली, आणि पाणी जमिनीतून वाट काढीत ब्लाइथ नावाच्या गृहस्थाच्या घरात शिरले. १८५६ साली न्यायालयाने कंपनीला दोषमुक्त केले. एवढी थंडी पडेल ही अपेक्षा कोणी ठेवली नसती, असे न्यायाधीशांचे मत पडले. परंतु तो निकाल देताना न्यायमूर्ती आल्डरसन ह्यांनी निष्काळजीपणाचे जे लक्षण सांगितले त्याचा आशय असा की, विवेकी मनुष्य जे करील ते न करणे, किंवा विवेकी मनुष्य जे करणार नाही ते करणे, म्हणजे निष्काळजीपणा होय.

आमचे लक्ष ह्या लक्षणातील क्रमाकडे जाते. 'न करणे' आधी आले आहे आणि 'करणे' मागून. हा क्रम हेतुपुरस्सर होता की सहजगत्या, हे सांगता येणार नाही. पण घरातील नळ, मोऱ्या, टाक्या आणि चाव्या ह्यांच्यापुरते बोलावयाचे तर तो अगदी यथार्थ आहे. घरात पाण्याचा जो अनर्थ ओढवतो तो कोणी काही केल्यामुळे क्वचितच ओढवतो. बहुधा कोणीच काही केलेले नसते. आणि येथेच एक जुना, अवघड प्रश्न उभा राहतो. जे केलेच नाही, ते कारण कसे होऊ शकेल? ज्याने काही केले नाही, त्यास दोषी कोणत्या न्यायाने म्हणावे?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. मीमांसकांनी विहित कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार मानले. एखादे फळ हवे म्हणून करावयाचे ते काम्य. काही निमित्त घडले म्हणून करावयाचे ते नैमित्तिक. आणि काही मिळवावयाचे नसताना, काही घडलेले नसताना, रोज नेमाने करावयाचे ते नित्य. नित्यकर्माचे वैशिष्ट्य असे सांगितले गेले की ते केल्याने विशेष पुण्य लाभत नाही, परंतु न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. ह्या मतास शंकराचार्यांनी हरकत घेतली. कर्म न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून भाव कसा उत्पन्न होईल, असा त्यांचा आक्षेप आहे. जे नाही त्यातून पाप निपजते असे म्हणणे त्यांना तर्कास धरून वाटले नाही.

शास्त्रातील हा वाद सोडवण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र गृहस्थाश्रमी माणसाने तो आपल्या मोरीपर्यंत नेऊन पाहावा, अशी आमची सूचना आहे. न्हाणीघर नवे बांधावे, त्यास चकचकीत फरशा लावाव्यात, हे काम्य कर्म झाले. ते आपण हौसेने करतो. नळ फुटला म्हणून मध्यरात्री धावाधाव करून दुरुस्ती करणाऱ्यास गाठावे, हे नैमित्तिक. ते आपण नाइलाजाने करतो. परंतु वर्षातून दोन वेळा मुख्य चावी फिरवून पाहणे, झिजलेला वायसर बदलणे, टाकीतील गाळ काढणे, ह्या कर्मांना फळही नाही आणि निमित्तही नाही. ती केली तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडू नये हाच त्यांचा हेतू असतो. असे कर्म मनुष्याच्या हातून सुटते ह्यात नवल ते काय?

आता अभावातून भाव कसा, ह्या आक्षेपाकडे वळू. जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ असत. पुष्कळ घरांत अजून आहेत. असा नळ जोडावयाचा तर त्याच्या टोकास आटे पाडावे लागतात, आणि आटे पाडताना नेमके तेथलेच जस्त खरवडले जाते. म्हणजे जेथे दोन तुकडे एकत्र येतात, जेथे ताण अधिक, तेथेच संरक्षण सर्वांत कमी. कारागीर त्यावर सूत गुंडाळतो, सफेदा लावतो, जोड घट्ट करतो, आणि त्या दिवसापासून आतील पाणी आणि उघडे लोखंड ह्यांचा संवाद सुरू होतो. बाहेरून नळावर रंगाचा हात दिसतो; आतून गंजाचे थर चढत जातात, धार बारीक होते, आणि एखाद्या दिवशी सांधा घाम आल्यासारखा ओला दिसू लागतो. त्यातच पितळेची चावी लोखंडी नळास थेट जोडलेली असेल तर दोन भिन्न धातूंच्या सहवासामुळे लोखंड अधिक लवकर झिजते. गच्चीवरील टाकी दहा मीटर उंच असेल तर तळाच्या नळावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका दाब रात्रंदिवस असतो. घरात माणसे असोत की नसोत, तो दाब कमी होत नाही.

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे आम्हांस असे दिसते की शंकराचार्यांचा आक्षेप आणि मीमांसकांचा नियम ह्यांमधील विरोध निदान ह्या क्षेत्रात तरी उरत नाही. दोष अभावातून उपजलेला नसतोच. गंज हा भाव आहे, दाब हा भाव आहे, क्षार हा भाव आहे; ती कारणे आपापले काम अखंड करीत असतात. देखभाल ही त्यांना थोपवून धरणारी एकमेव गोष्ट. ती थांबली म्हणजे घर जसेच्या तसे राहते हा आपला भ्रम होय. 'आम्ही काही केले नाही' ह्या वाक्यात एक गुप्त गृहीत दडलेले असते, ते असे की आपण काही केले नाही तर काही होतही नाही. पाण्याने हे गृहीत कधीच मान्य केलेले नाही.

हे वाक्य आम्ही एका प्रकरणात प्रत्यक्ष ऐकले आहे. एका सीमावर्ती शहरातील चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड आठ दिवसांसाठी परगावी गेले होते. तोंड धुण्याच्या भांड्याखाली नळापासून तोटीपर्यंत जी लवचीक जोडनळी असते, ती एके रात्री आपल्या टोकापाशी तुटली. जोडनळी दहा-बारा वर्षांची होती. बाहेरच्या तारेच्या विणीवर गंजाचे ठिपके आलेले होते, पण भांड्याखाली वाकून पाहण्याचा प्रसंग कोणावर आला नव्हता. पाणी रात्रभर वाहिले. खालच्या मजल्यावर एक सेवानिवृत्त शिक्षक राहत. त्यांनी चाळीस वर्षे खेड्यापाड्यांतून हिंडून म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या ओव्या, मराठी आणि कोंकणी दोन्ही, वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. वह्यांचे कपाट नेमके त्या भिंतीस लागून होते. शाई पाण्यात विरघळणारी, कागद शाळेतल्या वह्यांचा. सकाळी कपाट उघडले तेव्हा बहुतेक वह्यांचा लगदा झाला होता.

वरचे गृहस्थ परतले आणि मास्तरांपुढे उभे राहून अगदी कळवळून म्हणाले, "मास्तर, आम्ही काहीच केलं नाही हो! आम्ही तर घरीसुद्धा नव्हतो." ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्यावरचा सबंध आरोप त्यांनी स्वतःच, बचाव म्हणून, एका वाक्यात सांगून टाकला होता.

प्रकरण न्यायालयात गेले नाही. कपाटाची किंमत, भिंतीचा रंग, विजेच्या तारा बदलण्याचा खर्च, असा हिशेब होऊन तडजोड झाली. वह्यांचे काय, ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कोऱ्या वहीला किंमत असते. लिहिलेल्या वहीला बाजारात भाव नाही. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतील बहुतेक आता हयात नव्हत्या. नुकसानभरपाईचे शास्त्र अशा ठिकाणी किती तोकडे पडते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे, पण इतके स्पष्ट क्वचितच.

परंतु ह्या प्रकरणातील जी गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली ती निराळीच आहे. त्याच मजल्यावर समोर राहणारे दुसरे एक गृहस्थ मास्तरांच्या वतीने फार संतापले होते. माणसाने इतके बेफिकीर असू नये, असे ते चारचौघांत बोलत. पुढे कारागिराने खुलासा केला की दोन्ही घरांतील जोडनळ्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणून बसवलेल्या होत्या. संतापलेल्या गृहस्थांची नळी तितकीच जुनी, तितकीच गंजलेली आणि तितकीच दुर्लक्षित होती. ती तुटली नव्हती, इतकाच काय तो फरक.

आता ह्या दोघांत अधिक दोषी कोण? कायद्याचे उत्तर सरळ आहे. ज्याच्या नळीने नुकसान केले तो जबाबदार. दुसऱ्याने काही नुकसान केलेच नाही, तेव्हा त्याच्याविरुद्ध दावाच उद्भवत नाही. पण सद्सद्विवेकाला हे उत्तर पुरेसे वाटते काय? दोघांची वागणूक अक्षरशः एक. फरक पडला तो धातूच्या एका कणाच्या लहरीने. इंग्रजीत ह्या कोड्यावर बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल ह्या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली निबंध लिहिले, आणि तेव्हापासून नीतिशास्त्रात ह्या प्रश्नास 'नैतिक दैव' अशा अर्थाचे नाव रूढ झाले आहे. दैवाने ज्यास वाचवले त्यास आपण निर्दोष समजतो, आणि दैवाने ज्यास उघडे पाडले त्यास अपराधी.

आमचे मत स्पष्ट आहे, आणि ते काही वाचकांस कठोर वाटेल. दोष दोघांचा सारखाच. भरपाई एकाने द्यावी हे योग्य, कारण नुकसान त्याच्या घरातून उतरले. पण दुसऱ्यास संतापण्याचा अधिकार नव्हता. कायदा दुसऱ्यास हात लावत नाही तो त्याला निरपराध मानतो म्हणून नव्हे. प्रत्येकाच्या मोरीत वाकून पाहणारा कायदा हा गंजलेल्या नळीपेक्षा अधिक भयंकर ठरेल, म्हणून तो उंबरठ्यावर थांबतो. कायद्याचे मौन हे दोषमुक्तीचे प्रमाणपत्र समजण्याची चूक आमच्या अशिलांपैकी पुष्कळजण करतात.

पाण्याच्या बाबतीत तर कायद्याने मोकळे सोडलेल्यांची यादी बरीच लांब आहे. दुसऱ्याच्या जमिनीत पाणी शिरल्यास साठवणाऱ्याने, त्याची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी, हे कडक तत्त्व इंग्लंडात १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर ह्या खटल्यात प्रस्थापित झाले. पण घरगुती नळांवर त्याची धार फार दिवस टिकली नाही. मेलबर्न शहरातील एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या भांड्याचा निचरा कोणी अज्ञात इसमाने मुद्दाम तुंबवून नळ सोडून दिला, आणि दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरूचा माल भिजला. १९१३ साली प्रिव्ही कौन्सिलने इमारतीच्या मालकास मुक्त केले. घरात नळाने पाणी आणणे हा जागेचा नेहमीचा, रास्त उपयोग आहे, आणि खोडी दुसऱ्याची आहे, असे कारण दिले. निकाल आम्हांस चुकीचा वाटत नाही. परंतु त्यामुळे एक गोष्ट घडली. घरातील नळ हा धोकादायक पदार्थांच्या वर्गातून निघाला आणि निष्पाप वस्तूंच्या वर्गात जाऊन बसला; आणि निष्पाप वस्तूंकडे कोणी लक्ष देत नाही.

ह्याच्या जोडीने एक हिंदुस्थानी खटला ठेवून पाहावा. दक्षिणेत कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे जुने तलाव अतिवृष्टीत फुटले आणि त्या लोंढ्याने मद्रास रेल्वे कंपनीचे नुकसान झाले. कंपनीने रायलंड्सच्या तत्त्वाचा आधार घेतला. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो मानला नाही. त्यांचे म्हणणे असे की, हे तलाव लोकांच्या जीविताचा आधार आहेत, त्यांची राखण आणि दुरुस्ती करणे हे जमीनदाराचे परंपरागत कर्तव्यच आहे; तेव्हा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून तो जबाबदार नाही, आणि त्याने योग्य ती काळजी घेतलेली होती. येथे मनुष्य सुटला तो नित्यकर्म केल्यामुळे. मेलबर्नच्या मालकाप्रमाणे हाही सुटला, पण ह्या सुटकेचे वजन आम्हांस अधिक वाटते.

भाड्याच्या घरांविषयी थोडक्यात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. आणि भाडेकरूने, स्वाभाविक झीज सोडून, जागा मिळाली तशी राखावी. वाचावयास व्यवस्था सुंदर आहे. प्रत्यक्षात गोठलेल्या भाड्यांच्या जुन्या वाड्यांतून मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कसली. भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या घरावर पैसा कशास घालू. आणि भिंतीला लोणा लागत राहतो. अशा वाड्यांची कागदपत्रे आम्ही चाळतो तेव्हा त्यांनाही ओलीचा वास येतो.

असे असले तरी आपला समाज देखभालीस नालायक आहे, हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. गोव्यात आणि कोकणात मृगाच्या आधी घर शाकारण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावीत. कोकणात जुन्या धर्तीच्या गोल कौलांना नळेच म्हणतात. तेव्हा वैशाखात नळे परतणे हा शब्दप्रयोग तिकडच्या वाचकांस सांगावयास नको. उन्हाळ्यात पाणी तळास गेले की विहिरीचा, कोंकणीतल्या बांयचा, गाळ काढावयाचा, हेही तसेच ठरलेले. घरात दारिद्र्य असले तरी शाकारणी टळत नसे. मग छपराच्या नळ्यांची एवढी निगा घेणारा मनुष्य भिंतीतल्या नळांविषयी इतका उदासीन का?

ह्याचे कारण आम्हांस असे दिसते की छपराच्या शत्रूला तिथी आहे. जूनच्या सातव्या-आठव्या दिवशी मृग लागतो. तो पंचांगात छापलेला असतो, तो सर्वांच्या घरावर एकदम येतो, आणि शेजाऱ्याच्या छपरावर माणूस चढलेला दिसला की आपल्यालाही शिडी आठवते. नळाला ऋतू नाही. त्याचा पाऊस घराच्या आत पडतो, ज्याच्या त्याच्या घरात निरनिराळ्या रात्री पडतो. नित्यकर्माला काळ नेमून दिलेला असतो. ज्याला काळ नाही असे कर्म मनुष्य नित्य म्हणून करू शकत नाही, हे आपल्या पूर्वजांनी चांगले ओळखले होते. तेव्हा आमची व्यावहारिक सूचना एवढीच की नळांची तपासणी मृगाच्या शाकारणीला बांधून टाकावी, आणि दुसरी दिवाळीच्या साफसफाईला.

दुसरे कारण दृष्टीचे आहे. बऱ्हाणपुरास तापीकाठी १६१५ च्या सुमारास, खानखाना अब्दुर्रहीमच्या अमदानीत, भूमिगत पाण्याची एक योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे भुयारातून शहराकडे आणले, आणि त्या भुयारावर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, खोदल्या. इंदुराकडच्या वाचकांपैकी काहींनी कुंडी भंडाऱ्यात उतरून ते पाहिलेही असेल. ह्या कुंड्यांतून भुयाराला हवा मिळते आणि माणसाला खाली उतरून गाळ काढता येतो. बांधणाऱ्याने बांधतानाच असे धरून चालले की पुढे कोणीतरी उतरणार आहे. आजच्या न्हाणीघरात नळ भिंतीत चिणलेले, वर फरशा, आणि तपासण्यास एक झरोकाही नाही. काही दिसू नये हा आजच्या सौंदर्याचा नियम झाला आहे. बांधणाऱ्याने येथेही काही गृहीत धरले आहे, ते असे की कोणी कधी पाहणार नाही. नवे घर बांधणाऱ्याने दर मजल्यास एक चावी हाताशी राहील, सांधे उघडता येतील, एवढा आग्रह तरी धरावा, मग फरशांची शोभा थोडी उणी झाली तरी चालेल.

प्रत्यक्ष करावयाचे कर्म फार मोठे नाही. मुख्य चावी कोठे आहे हे घरातील प्रत्येकास, मुलांसही, ठाऊक असावे, आणि ती अधूनमधून पुरती बंद करून पुन्हा उघडावी. जी चावी दहा वर्षे फिरवली नाही ती अनर्थाच्या रात्री फिरत नाही, आणि जोर केला तर हातात तुटून येते. परगावी जाताना ती बंद करून जावे. मास्तरांच्या वह्या एवढ्यानेच वाचल्या असत्या. रात्री सर्व तोट्या बंद करून मापकाचा आकडा टिपावा आणि सकाळी ताडून पाहावा. मापक नसेल तर गच्चीवरील टाकीत पाण्याच्या पातळीशी खूण करावी. फ्लशच्या टाकीत कपड्यांची थोडी नीळ घालून अर्धा तास थांबावे. साखळी न ओढता खालचे पाणी निळे झाले तर आतील झडप गळते आहे. विंधनविहिरीचे जड पाणी असेल तेथे क्षार लवकर धरतात. बंबाची सुरक्षा-झडप तेथे विशेष पाहावी, कारण ती चिकटून बसली तर प्रश्न ओलीचा राहत नाही, स्फोटाचा होतो. ठिबकणाऱ्या तोटीची आपण थट्टा करतो, पण सेकंदास एक थेंब ह्या मानाने दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तरी चार लिटरांवर पाणी गेले. तोटीचा थेंब बहुधा ह्याहून मोठाच असतो.

गळती म्हणजे केवळ पाणी बाहेर जाणे, ही समजूतही अपुरी आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेला वेळ रस्त्याखालचे आणि अंगणातले नळ रिकामे असतात, त्यांतील दाब जातो, आणि ज्या भेगेतून सकाळी पाणी बाहेर पडत होते तिच्यातूनच बाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला तो सोयीखातर तर होताच. पण नळात सतत दाब असला म्हणजे बाहेरची घाण आत येत नाही, हे त्यामागचे मोठे कारण. तेव्हा अंगणातील गळका सांधा ज्याने तसाच ठेवला, त्याने पाण्याबरोबर शेजाऱ्याचे आरोग्यही रस्त्यावर सोडले, असे म्हणावे लागेल.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. सार्वजनिक नळावर घागर घेऊन तासभर उभ्या राहणाऱ्या बाईला हे सारे काय सांगावे? तिला सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. कर्तव्य सत्तेच्या मागून येते. ज्याच्या हाती चावी त्याच्यावर चावीची जबाबदारी. तिच्या नळाची चावी नगरपालिकेच्या हाती असते, आणि तेथे कायदा बराच स्पष्ट बोलला आहे. माळव्यातील रतलाम शहराच्या एका वॉर्डातील रहिवाशांनी उघड्या गटारांविषयी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसा नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या निकालपत्रात, ही सबब झिडकारली. लोकांच्या आरोग्याचे मूलभूत काम पैशाच्या अभावी टाळता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. आम्ही घरमालकांनी मात्र तीच सबब स्वतःपुरती जपून ठेवली आहे. दुरुस्तीला पैसा नाही असे सांगणाऱ्याच्या दिवाणखान्यात नवे झुंबर आम्ही पाहिले आहे.

इथवर आम्ही खालच्या मजल्यावरच्या माणसाचा विचार केला. त्याच्याही खाली एक माणूस असतो. मोरीत ओतलेले खरकटे तूप-तेल थिजते, त्यात चिंध्या आणि केस अडकतात, निचरा तुंबतो. गोव्यात आणि लहान शहरांत घरोघरी मैल्याची टाकी असते. ती दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसून घ्यावयाची असते. ती दहा-दहा वर्षे उपसली जात नाही. मग एके दिवशी पाहुणे यावयाचे असतात, टाकी भरून वाहू लागते, गाडी आठवड्याने मिळणार असते, आणि कोणीतरी एखाद्या माणसास चार पैसे अधिक देऊन टाकीत उतरण्यास सांगतो. आत विषारी वायू साठलेला असतो. पहिला बेशुद्ध होतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. ह्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

२०१३ च्या कायद्याने मनुष्यास संरक्षक साधनांवाचून अशा टाकीत वा गटारात उतरवण्यास बंदी केली. ही बंदी नगरपालिकांपुरती नसून प्रत्येक व्यक्तीस लागू आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. उतरवणारा घरमालक बहुधा दुष्ट नसतो. तो घाईत असतो, आणि ती घाई दहा वर्षांच्या स्वस्थतेतून आलेली असते. तोही पुढे पोलिसांस तेच सांगतो, की मी काही केले नाही, तो आपण होऊनच उतरला.

एका घराच्या खरेदीखताच्या वेळी आम्ही विक्रेत्यास सहज विचारले की मैल्याच्या टाकीचे झाकण कोठे आहे. घर साठ वर्षांचे होते. तीन भावांनी ते वापरले होते, दोनदा नवे न्हाणीघर झाले होते. विक्रेते अंगणभर हिंडले, मग थोरल्या भावास फोन केला. झाकण तुळशीवृंदावनाच्या पलीकडे कोठेतरी असल्याचे त्यास आठवत होते, पण त्यावर आता लादी घातलेली होती; आणि टाकी शेवटची केव्हा उपसली, हे तिघांपैकी कोणासही सांगता आले नाही.